पहिल्या मोळीचे साक्षीदार

मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर होऊन दौंडात घरी बसलो, तेव्हापासून लोकांना माझ्यासाठी कामं सुचायला लागली. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची किल्ली माझ्याकडे आली, गणपतीच्या मांडवाची देखरेख माझ्याकडे आली आणि एक दिवस आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या कमिटीचा फोन आला. कारखान्याचा हीरकमहोत्सव आहे, स्मरणिका काढतोय, सर तुम्ही लेखक माणूस, एक पान लिहून द्या. मी लेखक असल्याचा पुरावा म्हणजे कंपनीच्या मासिकात आलेले माझे दोन लेख. एक हेल्मेटवर होता, दुसरा महाबळेश्वरच्या सहलीवर. तरी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पानाचा विषय होता 'पहिली मोळी'. कारखान्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा पूजा करून उसाची एक मोळी गव्हाणीत टाकतात, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर. हे दरवर्षीचंच आहे. पण कारखान्याच्या अगदी पहिल्या हंगामातली पहिली मोळी ज्या बैलगाडीतून आली त्या गाडीचा मान निराळा. साठ वर्षांपूर्वी ती गाडी कोणाची होती एवढं मी शोधायचं, पानभर लिहायचं, आणि मग त्या घरच्या म्हाताऱ्याला स्टेजवर बोलावून फेटा बांधायचा. कारखान्याकडे त्या दिवसाचा म्हणून एक फोटो सोडला तर काही शिल्लक नव्हतं.

"पण बघणारी माणसं हायेत की अजून," कमिटीवाला म्हणाला. "तुम्ही नुसतं जाऊन इचारायचं."

इथेच मी नाही म्हणायला हवं होतं. बघणारी माणसं काय चीज असते ते कंपनीनं मला चांगलं शिकवलं होतं. एकदा आमच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्टवरून एक ड्रम घसरला. कोणाला लागलं नाही, पण चौकशी माझ्या गळ्यात पडली. तिघं जण तिथंच उभे होते. एक म्हणाला ड्रम निळा होता, दुसरा म्हणाला हिरवा, तिसरा म्हणाला ड्रम दोन होते. सगळ्यांत तपशीलवार हकीगत सांगितली ती त्या वेळी कँटीनमध्ये पोहे खात बसलेल्या चौथ्यानं. शेवटी मी अंदाजानं रिपोर्ट लिहिला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. महिन्याभरात ते चौघंही माझाच रिपोर्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखा नव्या पोरांना सांगायला लागले. ड्रमचा रंग मला आजतागायत कळलेला नाही.

दुसरी अडचण घरची होती. ती पहिली गाडी माझ्या सासऱ्यांची होती. निदान ते तसं म्हणत.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. त्यांचं गाव नदीपलीकडे, शिरूर तालुक्यात. मामांनी पहिल्या मोळीची गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली ती माझ्या लग्नात, अंगाची हळद निघायच्या आत. गाडी आपली, बैलं आपली, ऊस आपला. बैलं खिल्लारी, पांढरीशुभ्र. मंत्री आले, त्यांनी मामांच्या गाडीतली मोळी गव्हाणीत टाकली आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे माझ्या मुलीच्या बारशाला ऐकली तेव्हा मंत्र्यांनी मामांना मिठी मारली होती. मला प्रमोशन मिळालं तोवर मंत्र्यांनी मामांच्या फडक्यातली भाकरी मोडून खाल्ली होती. मी रिटायर झालो त्या वर्षी मंत्री मामांना मुंबईला चला म्हणत होते, आणि बैलांचं कोण बघणार म्हणून मामांनीच नाही म्हटलं होतं. मी हसू दाबून ऐकायचो. पण सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की शंका काढायला माझी जीभ कधी रेटली नाही.

"आपल्या घरचं नाव येणार ना?" मी फोन ठेवल्या ठेवल्या बायकोनं विचारलं.

"चौकशी करून ठरेल," मी म्हणालो.

"चौकशी? माझ्या बापाची चौकशी करणार तुम्ही?"

त्या दिवशी ताटात कालचं वांगं आलं.

चौकशीत आणखी दोन दावेदार निघाले. एक कारखान्याशेजारच्या गावातले आप्पा. मोठे बागायतदार, विकास सोसायटीच्या राजकारणात जन्म गेलेला, त्यामुळे साधं "या, बसा"सुद्धा सभेत बोलल्यासारखं. दुसरे दौंडातले नाना. रेल्वेतून रिटायर झालेले, बुद्धविहाराच्या कमिटीत आजही त्यांच्या शब्दाला वजन. तरुणपणी रेल्वेत लागण्याआधी ते ऊस तोडायला जात.

फोटो मला व्हॉट्सॅपवर आला होता. त्यात मंत्र्यांची टोपी होती, कोणाचं तरी अर्धं पोट होतं, मोळीवर ठेवलेला एक हात होता आणि कडेला एका बैलाचं शिंग आणि अर्धा कान. बाकीचा बैल फोटोबाहेर.

आप्पांनी चष्मा पुसून फोटो बघितला. "ह्ये शिंग आमच्या बैलाचं. डावं. टोकाला जरा आत वळल्यालं हाय, बघा."

"नदीपलीकडची एक गाडी आधी आली होती असं म्हणतात," मी जपून म्हणालो.

"पलीकडची? नदीला पानी किती व्हतं तवा! पलीकडचं कावळं सुदिक आलं न्हाई त्या दिवशी."

मामांना तोच फोटो दाखवला. त्यांनी तेच शिंग उजवं ठरवलं आणि स्वतःच्या बैलाला दिलं. आप्पांचं नाव काढल्यावर म्हणाले, "त्यो? त्यो तवा पाळन्यात व्हता." आप्पा मामांपेक्षा वयानं मोठे आहेत.

नानांना शिंगाशी कर्तव्य नव्हतं. "गाडी कुनाची का असंना," ते म्हणाले. "मोळी मी तोडली, मी बांधली, आन् मंत्र्याला उचलंना म्हनून गव्हाणीत ढकलली बी म्याच. फोटोत ह्यो हात हाय ना, त्यो माझा." त्यांनी आपला हात मोबाइलशेजारी ठेवला. मी दोन्ही हात निरखून बघितले. दोन्हींना पाच बोटं होती, यापलीकडे मला काही सांगता येईना.

मोळी कोणी बांधली होती, हे मी आप्पांना आणि मामांना वेगवेगळं विचारलं. या एकाच मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं. दोघंही म्हणाले, "बांधली असंल कुनीतरी." मी ते नानांना सांगितलं तेव्हा ते हसले. "त्यांचं समद्यांचं डोळं बैलावर," म्हणाले, आणि फोटो पुन्हा मोठा करून त्या हाताकडे बघत बसले.

राहता राहिल्या मामी. त्यांना विचारावं असं मला सुचलं नव्हतं, कारण मामांच्या गोष्टीत मामी कुठंच नव्हत्या. एकदा शिरूरकडे गेलो असताना मामा देवळाच्या पारावर गप्पा मारायला गेले होते आणि मामी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामी, पहिल्या मोळीच्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

त्यांचा हात थांबला. "आजपातूर कुनी इचारलं न्हाई बघा ह्ये."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला चहा गार झाला.

"आमची गाडी तवा कारखान्यावर नव्हतीच, जावईबापू. नदीत व्हती."

तेव्हा नदीला पूल नव्हता. पाणी जिथं उथळ असे तिथून गाड्या पार होत. त्या दिवशी मध्यावर मामांच्या गाडीचं चाक वाळूत रुतलं आणि एक बैल गुडघ्यावर बसला. मामी भाकरी घेऊन मागून चालत येत होत्या. त्यांनी भाकरी काठावर ठेवली, लुगडं खोचलं आणि पाण्यात शिरल्या. दोघांनी मिळून गाडीतला सगळा ऊस डोक्यावरून काठाला नेला, रिकामी गाडी ओढून काढली आणि पुन्हा भरली.

"छातीएवढं पानी. दात वाजत व्हतं थंडीनं. आन् ही कडंवर."

ही म्हणजे माझी बायको. ती जन्मली तीच मुळी त्यानंतर. मी हिशेब समजावून सांगायला लागलो.

"मला नगा सांगू," मामी म्हणाल्या. "माझ्या कडंवर व्हती का तुमच्या?"

गाडी दुसऱ्या दिवशी कारखान्यावर पोचली तेव्हा मांडव सोडत होते. मंत्री गेले होते, पेढे संपले होते. मामा तिथंच जुवावर डोकं टेकून बसले. गेटवरच्या वॉचमनला दया आली. त्यानं कमानीवरचा झेंडूचा एक हार काढून बैलाच्या गळ्यात घातला. तो हार तसाच घेऊन गाडी गावात परत आली. पारावरच्या लोकांनी विचारलं, पयला नंबर लागला व्हय? मामा दमलेले होते. ते व्हय म्हणाले.

"येकदा व्हय म्हटल्यावं मागं कसं घ्यायाचं? मंग जरा जरा वाढत गेलं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"चारचौघांत मानसाला खोटं कशाला पाडायचं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर त्येंच्या गोष्टीत मंत्री हाय, बैलं हायेत, भाकरी बी हाय. ती भाकरी मी थापलेली. समदं पानी मी अंगावर घेतलं आन् मीच न्हाई. तुमी लिव्हनारच हाय तर येवढं लिव्हा, की मी व्हते."

मी लिहितो म्हणालो. आणि दौंडला येईपर्यंत घाम फुटला. मामींचं लिहावं तर मामांचा फेटा जातो, आणि नुसता फेटा नाही, पारावरची साठ वर्षांची इज्जत जाते. न लिहावं तर मामी जातात. शिवाय साक्षीदार म्हणून मामी तरी कुठं धड होत्या? न जन्मलेली मुलगी कडेवर घेऊन ऊस वाहणाऱ्या बाईच्या भरवशावर इतिहास कसा लिहायचा, असं मी स्वतःला बजावलं. खरं कारण एवढंच होतं की मी बायकोला घाबरत होतो.

उपाय सुचला तो दौंड स्टेशनसमोर चहा पिताना. समोर कुठल्याशा दुकानाचं उद्घाटन चाललं होतं. फीत कापून झाली होती, पण पाहुणे उशिरा आले म्हणून ती गाठ मारून पुन्हा कापली, आणि फोटोवाला म्हणाला नीट आलं नाही म्हणून आणखी एकदा. मी पेला खाली ठेवला. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम एकदाच होतो का? भटजींचा मुहूर्त सकाळचा, मंत्री येणार कलल्या दुपारी, आणि फोटोवाला पुण्याहून त्याच्याही मागून. म्हणजे मोळी तीनदा टाकली असणार. एकदा मुहूर्ताची, एकदा मंत्र्यांची, एकदा फोटोची.

मी घरी येऊन एका बैठकीत पान लिहून काढलं. मुहूर्ताची गाडी आप्पांची. मंत्र्यांच्या वेळची मामांची. तिन्ही मोळ्या बांधल्या नानांनी, आणि फोटोतला हातही त्यांचाच. शिंगाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. सुरुवातीला लिहिलं, "जाणकार सांगतात की". जाणकार मीच होतो. छापायच्या आधी पान तिन्ही घरी पाठवून दिलं.

आधी आप्पांचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला. "अगदी बराबर लिव्हलंय," आप्पा म्हणाले. "मीच इसरलो व्हतो. भटजी नुसता घाई करत व्हता. माझी मोळी पडली आन् मला बाजूला घेतलं, मंग ती पलीकडची गाडी पुढं आली. पांढरी बैलं!" कावळ्याचा त्यांना विसर पडला होता. मी मोळी बांधणाऱ्याचं विचारलं. "त्यो दौंडचा पोरगा ना? व्हय की, त्यानंच बांधली." माझ्या खोटेपणातून एवढी एक गोष्ट चांगली झाली, आणि मी नानांना लगेच फोन करून ती सांगितली.

नाना म्हणाले, "फोटोवाल्याचा बल्ब पयल्यांदा उडालाच न्हाई, म्हनून परत टाकायला लावली. मी त्याला म्हटलं बी, बाबा, ऊस काय फुकट येतो का?"

बल्बाचं मी काही लिहिलंच नव्हतं. आठवड्याभरानं मलाही तो भटजी दिसायला लागला. घामाघूम झालेला, सारखं उपरणं सावरणारा. मी तेव्हा सोलापूरला रांगत होतो.

शिरूरला बायकोनं ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा डोळे मिटून "बराबर, बराबर" म्हणत होते. वाचून झालं तेव्हा मामी म्हणाल्या, "ह्यात मी कुठं हाय?"

"तू कशी असशील आई?" बायको म्हणाली. "तू घरी होतीस ना?"

मामींनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती पुढे बरेच दिवस गेली नाही. मामी उठून आत गेल्या आणि आतूनच त्यांनी सांगितलं की त्या कार्यक्रमाला येणार नाहीत.

"का गं?" मामांनी विचारलं.

"तुमचं तुमी जावा. तवा बी एकलंच गेला व्हता न्हवं?"

मामांनी डोळे उघडले. नंतर जेवण झालं, पान-सुपारी झाली, आम्ही निघालो, तरी मामा एक शब्द बोलले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना गप्प असं प्रथमच बघत होतो.

कार्यक्रमाला मामी शेवटी आल्या. बायकोनं हट्टानं गाडीत बसवलं. त्या बायकांच्या बाजूला पुढच्या ओळीत बसल्या, चेहरा असा की कोणाच्या तरी दहाव्याला आल्यात. स्टेजवर मामा, आप्पा आणि नाना. तिघांना फेटे बांधले. मामांचा फेटा जरा मोठा झाला होता, त्यात त्यांचे कान गेले होते. दोन शब्द बोला म्हणून त्यांच्या हातात माइक दिला, आणि मी मनात म्हटलं, आता मुंबई येणार.

"फेटा बांधला, उपकार झालं," मामा म्हणाले. "पर आमची गाडी त्या दिवशी हितं नव्हती. नदीत रुतली व्हती. माझी कारभारीन कमरंएवढ्या पान्यात हुबी ऱ्हाऊन ऊस काढत व्हती. ती नसती तर गाडी गेली असती, बैलं गेली असती, आन् मी बी गेलो असतो. हार वॉचमननं घातला. आजवर मी ह्ये कुनाला सांगितलं न्हाई. मान द्यायाचा तर तिला द्या."

मग एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सूत्रसंचालन करणारा म्हणाला, "बघा, किती हा मोठेपणा! स्वतःचा मान दुसऱ्याच्या पदरात टाकणारी ही जुनी माणसं!"

"न्हाई वो, खरं सांगतोय," मामा म्हणाले.

आप्पा तरातरा उठले आणि त्यांनी माइक ओढून घेतला. "खोटं बोलतोय त्यो! म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या मागं ह्याचीच गाडी व्हती. मंत्र्यानं ह्याच्या खांद्यावर हात ठिवला!"

"भाकरी बी खाल्ली," नाना जागेवरून म्हणाले.

भाकरीचं मी कुठंही लिहिलं नव्हतं. मामांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि ते खाली बसले. दोन साक्षीदारांपुढे त्यांचं काही चाललं नाही. मी मामींकडे बघितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता आणि त्या एकटक मामांकडे बघत होत्या.

परतताना मी त्यांना सोडायला पलीकडे निघालो. मामा पुढे, मांडीवर फेटा. मागे मायलेकी. नदीच्या पुलावर मामा म्हणाले, "गाडी जरा हळू घ्या." मी बाजूला थांबवली. त्यांनी काच खाली केली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. "तितं रुतली व्हती."

"तितं न्हाई," मामी मागून म्हणाल्या. "त्या बाभळीच्या वरल्या अंगाला."

"बरं, वरल्या अंगाला."

"आन् पानी कमरंएवढं नव्हतं. छातीएवढं व्हतं."

"छातीएवढं," मामा म्हणाले.

"आन् ही कडंवर व्हती."

"आई," बायको म्हणाली, "अगं, मी जन्मले तरी होते का तेव्हा?"

"तुला काय आठवतंय!" मामी म्हणाल्या.

मामा पाण्याकडे बघत राहिले. मग मान मागे वळवून मामींना म्हणाले, "व्हती की कडंवर. लय रडत व्हती."